भोरवलीची दुपारची गाडी

दोडक्याच्या शिरा काढताना सुनेत्राबाईंनी घर विकायचा विषय काढला. आवाज चढवला नाही की भांडं आपटलं नाही. दसऱ्यापर्यंत दुपारची गाडी भोरवलीला पुन्हा थांबायला लागली तर ठीक, नाहीतर घर विकून मुलीकडे, वल्लरीकडे, बालेवाडीला राहायला जाऊ, असं त्यांनी सांगितलं. एक गिऱ्हाईक मागे लागलंय, त्याला दसऱ्यानंतरच्या बुधवारी घर बघायला बोलावलंय, हेही सांगितलं, आणि त्या दोडका चिरायला लागल्या. दिगंबर आठल्ये यांच्या हातातलं वर्तमानपत्र हातातच राहिलं. बायको भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. तारखेसकट ठरलेल्या गोष्टीला माणूस काय उत्तर देणार?

भोरवली म्हणजे कामशेत आणि मळवली यांच्या मधलं एक लहानसं हॉल्ट स्टेशन. फलाट, पत्र्याची शेड, तिकिटाची एक खिडकी, आणि समोर लोहगड-विसापूर. कोरोनात गाड्या बंद झाल्या तेव्हा इथल्याही झाल्या. पुढे सकाळची परत आली, संध्याकाळची आली. दुपारचीही आली, पण भोरवलीला ती नुसती शिट्टी वाजवून पुढे जायला लागली. सुनेत्राबाईंचं सगळं या दुपारच्या गाडीवर अवलंबून होतं. दर बुधवारी लोणावळ्याला त्यांच्या मैत्रिणीकडे, रेणुकाकडे, बायकांचा कॅरमचा डाव बसे. गाडी गेल्यापासून त्यांना हायवेपर्यंत चालत जाऊन, दुखऱ्या गुडघ्यांनी रस्ता ओलांडून, जीपमध्ये स्वतःला कोंबून घ्यावं लागत होतं. हे घर घेताना 'स्टेशन पाच मिनिटांवर' असं दिगंबररावांनीच त्यांना ऐकवलं होतं. स्टेशन अजूनही पाच मिनिटांवरच होतं, हा त्यांचा बचाव सुनेत्राबाईंनी ऐकून घेतला नाही.

कॅरमसाठी कुणी घर विकतं का, असंही ते एकदा बोलून गेले. त्यानंतर दोन दिवस घरात फक्त मिक्सर बोलत होता.

दिगंबररावांना घर सोडायचं नव्हतं. बालेवाडीच्या अकराव्या मजल्यावर जावयाच्या कुत्र्याला फिरवत म्हातारपण काढायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नव्हती. शिवाय त्यांचा स्वभाव मुळात चौकस. तळेगावच्या एका कॉलेजच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून नोकरी झालेली. एखादी गोष्ट बंद झाली तर ती कुणी केली, कधी केली आणि कुठल्या नियमाखाली केली, हे कळल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागायचं नाही. गाडी थांबायला हवी हे खरंच, पण ती का थांबत नाही, हे त्यांना त्याहून जास्त हवं होतं.

कारण मात्र ज्याचं त्याचं वेगळं निघालं. कामशेतच्या न्हाव्याच्या मते भोरवलीला चढ होता, गाडी एकदा थांबली की निघता निघत नसे, म्हणून मोटरमन लोकांनी वर तक्रार केली होती. दूधवाल्याच्या मते मागे एकदा कुणाची तरी म्हैस आडवी गेली, त्याचा राग रेल्वेने धरला होता. शेजारच्या बंगल्यातले राजेंद्र पुण्याहून हवापालटाला येऊन कायमचे राहिलेले. त्यांना कारणात रस नव्हता, उपायात होता. त्यांनी आमरण उपोषण सुचवलं. स्वतः बसले असते, पण त्यांना पित्ताचा त्रास होता. दिगंबररावांनी बसावं, फलाटावरच्या मांडवाचं आपण बघू, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं. दिगंबररावांनी ते नाकारलं आणि अर्ज लिहायला घेतला. अर्ज हा त्यांचा प्रांत होता.

पहिल्या कचेरीने कळवलं की वेळापत्रक दुसरी कचेरी ठरवते. दुसरीने कळवलं की ती फक्त छापते. तिसरीत एका गृहस्थांनी तो अर्ज दोनदा वाचला, मसुदा फार सुरेख आहे म्हणाले, आणि अशा अर्जाची सोय आमच्याकडे नाही असंही म्हणाले. दिगंबररावांना राग यायच्या आधी क्षणभर बरंच वाटलं. अखेर माहितीच्या अधिकारात एक उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की भोरवलीचा थांबा रद्द केलेला नाही, पुरेसे प्रवासी आढळेपर्यंत स्थगित आहे. म्हणजे गाडी थांबल्याशिवाय प्रवासी आढळणार नाहीत आणि प्रवासी आढळल्याशिवाय गाडी थांबणार नाही. हे वाक्य दिगंबररावांनी रात्री जेवताना सुनेत्राबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. लिहिणाऱ्याच्या हाताला वळण आहे, असं त्यांचं प्रामाणिक मत पडलं. दसऱ्याला किती दिवस राहिले, एवढंच सुनेत्राबाईंनी विचारलं.

ते उत्तर घेऊन ते पुन्हा कचेरीत गेले. या वेळी एका तरुण बाईंनी कॉम्प्युटरचा पडदाच त्यांच्याकडे वळवला. कोरोनाच्या आधीच्या अख्ख्या वर्षात दुपारच्या गाडीसाठी भोरवलीहून विकली गेलेली तिकिटं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. दिगंबररावांनी चष्मा पुसून पाहिलं. दर बुधवारी त्यांची स्वतःची बायको त्या गाडीने गेली होती, आणि गाडीत बसायला जागा नसते म्हणून कुरकुरत आली होती. मग ती सगळी माणसं गेली कुठे? कोडं आता खरं गमतीचं झालं होतं. परतीच्या प्रवासात त्यांना घराचीही आठवण राहिली नाही.

सुनेत्राबाईंनी सांगितलं की त्यांचा पास असे, आणि तो त्या लोणावळ्याहून काढत. बाकीचे पासवाले कामशेतहून काढत, कारण भोरवलीच्या खिडकीवर पास मिळत नसे आणि कामशेतच्या खिडकीजवळ भजी चांगली मिळत. म्हणजे पासवाल्यांचा उलगडा झाला. राहिले रोजचे तिकीटवाले. त्यांच्यासाठी दिगंबरराव थेट सीतारामकडे गेले. सीताराम हा गावचाच. कामशेतहून तिकिटं आणून भोरवलीच्या खिडकीवर विकायची, ही त्याची एजन्सी. त्याने चौकशी शांतपणे ऐकली, मान खाली घातली आणि खिडकीच्या लाकडावरून बोट फिरवत राहिला.

"आता तुमीच सांगा, आठलेसायेब," तो शेवटी म्हणाला. "भामामावशी माज्या सासूची सख्खी भन. तिच्याकडं तिकिटाचं पैसं मागायचं कसं? सांच्याला तिच्याच घरी जेवायला बसायचं असतंय मला."

बाकीच्यांचं काय, असं दिगंबररावांनी विचारलं.

"बाकीची बी हितलीच की. कुनी मेव्हना, कुनी व्याही. मी म्हनायचो, जावा, गाडी आली."

तेवढ्यात भामाबाईच भाजीची पाटी घेऊन तिथे आल्या. त्यांना हा आरोप मुळीच मान्य नव्हता. "पैसं द्यायला आमी कवा न्हाई म्हनलं? त्योच घेत न्हाई. लय मागं लागलं तर रुसतंय," असं त्यांनी ऐकवलं. दिगंबरराव शेडखाली बाकावर बसले. म्हैस नव्हती, चढ नव्हता, मोटरमनची तक्रारही नव्हती. रोज गाडीभर माणसं जात होती, आणि रेल्वेच्या लेखी भोरवलीत कुणी राहतच नव्हतं. इतक्या मोठ्या कारभाराला एका जावयाची भीड पुरून उरली, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. मग दसरा आठवला आणि कौतुक विरलं.

त्यांनी 'भोरवली प्रवासी समितीचा निमंत्रक' म्हणून नवा अर्ज केला: एक दिवस गाडी थांबवून तर पाहा. आणि काय झालं कोण जाणे, तो मान्य झाला. दसऱ्याच्या आधीच्या बुधवारी दुपारची गाडी भोरवलीला अर्धा मिनिट थांबेल, रेल्वेचे एक निरीक्षक त्या गाडीने येतील, तिकिटं किती विकली आणि माणसं किती चढली ते पाहतील, असं कळवण्यात आलं.

ग्रामपंचायतीत सभा झाली. सरपंच रुपाली ही बी.कॉम. झालेली, चटपटीत मुलगी. दर घराने निदान एक तिकीट काढायचंच, हा ठराव तिने पाच मिनिटांत करून घेतला. सीतारामच्या भिडेवर राजेंद्रनी तोडगा दिला. खिडकीला पंचा लावायचा, म्हणजे पलीकडे कोण आहे ते दिसणार नाही. नुसता हात आत येईल, हाताशी कसली नाती? सगळ्यांना ते पटलं. दिगंबररावांना वाटलं, झालं, आता जिंकलं. ते उठणार इतक्यात मागून कुणीतरी म्हणालं की गाडी येणार, साहेब येणार, आणि सत्कार नाही, हे गावाला शोभेल का?

पुढचे दोन तास सभा सत्कारावर चालली. हार कुणी घालायचा, शाल कुणाच्या हातून, नारळ एक की दोन, मोटरमनचा आधी की साहेबांचा. लेझीम ठेवायचं ठरलं. अर्ध्या मिनिटात एवढं बसणार नाही, हे दिगंबरराव तीनदा म्हणाले. साहेबाला आल्या पावली पाठवायचा का, असं प्रत्येक वेळी उत्तर मिळालं. शेवटी शाल घालायचा मान खुद्द त्यांनाच दिला गेला, तेव्हा त्यांनी तो विषय सोडला. सोडला हे चुकलंच. पण नोकरीत जन्मभर दुसऱ्यांच्या सत्काराची टिपणं काढली होती त्यांनी. शाल हातात धरून पुढे जायचा प्रसंग पहिल्यांदाच येत होता.

त्या बुधवारी सकाळीच फ्लेक्स लागला. त्यावर सगळी पंचायत होती, तरुण मंडळ होतं, राजेंद्र होते. दिगंबरराव अगदी खाली कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोत, चोरासारखे दिसत होते. अर्ज कुणी केले, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्या दुखण्यापायी त्यांच्या लक्षात आलं नाही की फ्लेक्स नेमका स्टेशनच्या नावाच्या पाटीवर बांधला आहे. सुनेत्राबाईंनी चहा देताना, मी आज कॅरमला जाणार आहे, तुमचा कार्यक्रम बघायला थांबणार नाही, असं सांगितलं होतं. तेही त्यांना लागलंच होतं.

तिकीटविक्री मात्र दणक्यात झाली. पंच्याआडून सीताराम हात तेवढे बघत होता आणि प्रत्येक हात ओळखत होता. "मावशी, बोटाला काय लागलं गं?" असं तो विचारी, आणि भामाबाई पंच्याच्या अलीकडून त्याला विळीची हकिकत सांगत. पण त्याने पैसे घेतले. कान लाल झाले, तरी घेतले. दुपारपर्यंत दोनशेच्या वर तिकिटं गेली. दिगंबररावांनी स्वतः पाच काढली आणि कामकाजाच्या फायलीत टाचून ती फाईल राजेंद्रच्या हाती दिली. नव्या झब्ब्याला खिसा नव्हता.

फलाट माणसांनी फुलला. गाडी दिसली आणि लेझीम सुरू झालं. मोटरमनला पाटी दिसेना; तो तसाच पुढे निघाला आणि फलाट संपता संपता कशीबशी गाडी थांबवली. सगळा सत्कार हार-तुऱ्यांसकट पुढे धावला. एका दारात निरीक्षक उभे होते. दिगंबरराव शाल घेऊन चढले. निरीक्षक हात जोडून मागे सरकले, ड्यूटीवर आहे, नको म्हणाले. दिगंबरराव आणखी एक पाऊल आत गेले. निरीक्षक आणखी मागे सरकले. मागून कुणीतरी नारळ पुढे केला, कुणीतरी हार दिला. हार घ्यायला निरीक्षक मान वाकवेनात, तेव्हा गडबडीत तो दिगंबररावांच्याच गळ्यात पडला. आणि गाडी सुटली. फलाटावर टाळ्यांचा कडकडाट झाला. हाही कार्यक्रमाचा भाग असेल, असं गावाला वाटलं असावं.

दोनशे माणसं हातात तिकिटं घेऊन फलाटावर उभी राहिली होती. चढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. भामाबाईंच्या हातात तर आरतीचं ताट होतं. ते कुणाकडे सोपवून जाणार?

गाडीने वेग घेतल्यावर दिगंबररावांना डब्याच्या टोकाला, खिडकीशी, सुनेत्राबाई बसलेल्या दिसल्या. सत्काराच्या गर्दीपासून लांब, मागच्या दाराने त्या शांतपणे चढल्या होत्या. शेजारी पर्स, पर्समध्ये स्वतःचा स्ट्रायकर, हातात सीतारामकडून घेतलेलं तिकीट. गळ्यात हार आणि हातात नारळ घेतलेल्या नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं आणि शेजारची पर्स उचलून जागा केली.

लोणावळ्याला फलाटावर तिकीट तपासनीस उभा होता. दिगंबररावांनी त्याला समजावलं की आपल्याकडे एक नाही, पाच तिकिटं आहेत, फक्त ती भोरवलीत एका फायलीत आहेत. तपासनीस म्हणाला, असं सगळेच सांगतात, पण पाच आजवर कुणी सांगितली नव्हती. निरीक्षक बाजूला उभे राहून दुसरीकडे बघत होते. अर्ज करणारा, मोहीम चालवणारा, भोरवली प्रवासी समितीचा निमंत्रक बिनतिकीट सापडला होता, आणि दंड भरायला बायकोच्या पर्सकडे बघत होता. सुनेत्राबाईंनी पैसे मोजून दिले, पावती घेतली आणि ती नीट घडी करून त्यांच्याच हातात ठेवली.

सगळं आटोपल्यावर निरीक्षक जवळ आले. त्यांना खरोखरच प्रश्न पडला होता. इतक्या वर्षांत तिकिटाशिवाय चढणारी माणसं त्यांनी खूप पाहिली होती. तिकीट काढून न चढणारं गाव पहिलंच. चढलेले प्रवासी दोन, त्यातला एक विनातिकीट, हे ते वर कसं कळवणार होते? दिगंबररावांनी हार काढून हातात घेतला आणि खाली मान घातली. म्हणाले, खरं असेल ते कळवा.

"कळवतो," निरीक्षक म्हणाले. "पण चढलेली माणसं वर कोण बघतं? तिकिटं बघतात. दोनशेच्या वर आहेत. तीन महिने तरी थांबेल तुमची गाडी."

दिगंबररावांना धड आनंदही होईना. ते मुकाट्याने सुनेत्राबाईंच्या मागे रेणुकाच्या घरी गेले. तिथे चार बायका कॅरमभोवती बसल्या, आणि ते कोपऱ्यात शाल-नारळ घेऊन बसले, मुलगी बघायला आलेल्यांपैकी मागे राहिलेल्या एखाद्या मामासारखे. बायको डावा डोळा बारीक करून क्वीन घेते, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या जिंकल्यावर हसल्या, तसं हसणं घरी त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांत आपण एकदाही इथे का आलो नाही, असा प्रश्न त्यांना पडला. चौकस माणसाला हा प्रश्न फार उशिरा सुचला होता, आणि तो कुठल्या कचेरीत विचारायचा तेही ठाऊक नव्हतं.

परतताना संध्याकाळची गाडी मिळाली. या वेळी त्यांनी तिकीट दोनदा तपासलं. मळवली मागे पडल्यावर सुनेत्राबाईंनी त्यांना खिडकीपाशी बसवलं आणि बाहेर बोट दाखवलं. भाताच्या खाचरांपलीकडे त्यांचं घर दिसत होतं. गच्ची, वाळत घातलेली चादर, आणि कठड्याशी रिकामी खुर्ची.

"दुपारी त्या खुर्चीत तुम्ही बसलेले असायचात," सुनेत्राबाई म्हणाल्या. "मी दर बुधवारी हात करायची. गाडी आली की तुम्ही घड्याळ बघायचात. वेळेवर आहे का ते. वर कधी बघितलं नाहीत."

दिगंबररावांना ती खुर्ची आठवत होती, घड्याळ आठवत होतं, कुठल्या दिवशी गाडीला किती उशीर झाला तेसुद्धा आठवत होतं. खिडकीतला हात आठवत नव्हता. घर मागे जाईपर्यंत ते बघत राहिले.

"मला वाटलं, तुला गाडी हवी आहे," ते म्हणाले.

"हवीच होती," सुनेत्राबाई म्हणाल्या. "पण एकटीने जायचा कंटाळा आला होता मला. घरातही एकटी, गाडीतही एकटी. मग वल्लरीकडे काय वाईट?"

भोरवली जवळ आली तसा सुनेत्राबाईंचा फोन वाजला. घराचं गिऱ्हाईक होतं. बुधवारी नक्की येऊ ना, असं विचारत असावं. सुनेत्राबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या हातात दोन्ही तिकिटं होती आणि ते अजून घराच्याच दिशेने बघत होते.

"बुधवारी नको हो," त्या फोनवर म्हणाल्या. "बुधवारी आम्ही दोघंही घरी नसतो." पलीकडचं थोडा वेळ ऐकून घेऊन त्या पुढे म्हणाल्या, "नाही, गुरुवारी पण नको. राहूच द्या आता."